पहिले उड्डाण करण्यापूर्वी

रेडिओ-नियंत्रित विमान उडवताना आपली बोटे पुरेशी चपळ नाहीत, असे नवशिक्याला वाटते. प्रत्यक्षात बोटांना फार काम नसते. चूक होते ती दिशेची. खरा वैमानिक विमानातच बसलेला असल्यामुळे त्याची उजवी बाजू आणि विमानाची उजवी बाजू एकच असते. आपण मात्र जमिनीवर उभे असतो. विमान दूर जात आहे तोवर सारे सुरळीत चालते, पण ते वळून आपल्याकडे येऊ लागले की त्याचा उजवा पंख आपल्या डाव्या हाताला येतो आणि सवयीने केलेली दुरुस्ती नेमकी उलटी पडते. अशा वेळी जो पंख खाली झुकलेला दिसेल, त्याच बाजूला, जणू त्याला टेकू देत आहोत अशी, ट्रान्समीटरची, म्हणजे हातातल्या नियंत्रकाची, स्टिक (दांडी) न्यावी. ही युक्ती सांगायला सोपी असली, तरी ऐन वेळी ती आठवावी लागू नये इतका सराव हवा. ट्रान्समीटर संगणकाला जोडून सिम्युलेटरवर, म्हणजे पडद्यावरच्या आभासी उड्डाणात, तो करता येतो. छातीतील धडधडीचा सराव तिथे होत नाही, हे खरे. पण विमानही मोडत नाही.

नवशिक्यांचा ओढा लढाऊ विमानांच्या प्रतिकृतींकडे असतो आणि मी त्यांना आग्रहाने परावृत्त करतो. ती वेगवान असतात आणि चूक सुधारायला वेळ देत नाहीत. पहिले विमान फोमचे, पंख वरच्या बाजूला असलेले ट्रेनर, म्हणजे शिकण्यासाठीचे विमान, असावे. त्याचे पंख टोकांकडे किंचित वर उचललेले असतात. विमान कलून बाजूला घसरू लागले की खालच्या पंखाला हवा अधिक कोनात भिडते, त्यावरील उचल वाढते आणि विमान आपोआप सावरू लागते.

ज्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, तो भाग म्हणजे गुरुत्वमध्य, ज्या बिंदूवर विमानाचे वजन तोलले जाते. सर्वसाधारण ट्रेनरमध्ये तो पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या साधारण 25 ते 33 टक्के अंतरावर असतो. उत्पादकाने नेमके स्थान दिले असेल तर तेच पाळावे. बॅटरी आत बसवून, दोन्ही पंखांखाली त्या जागी बोटे टेकवून विमान उचलावे आणि ते समतोल राहीपर्यंत बॅटरी पुढे-मागे सरकवावी. नाक थोडे जड झाले तर विमान सुस्त उडते, पण उडते. शेपूट जड झाली तर मात्र ते हाताबाहेर जाते.

लिथियम-पॉलिमर बॅटरीचा प्रत्येक सेल पूर्ण भारित असताना 4.2 व्होल्टचा असतो आणि 3 व्होल्टखाली गेल्यास त्याला इजा होते. ती बॅलन्स चार्जरवर (सर्व सेल सारखे भारित करणाऱ्या चार्जरवर) आणि नजरेसमोरच चार्ज करावी. फुगलेली बॅटरी वापरू नये. आधी ट्रान्समीटर सुरू करावा, मगच विमानाची बॅटरी जोडावी. बंद करताना क्रम उलटा. उड्डाणापूर्वी स्टिक उजवीकडे नेऊन उजवे एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) वर उचलले जाते ना, हे पाहावे. मोकळे मैदान, मंद वारा आणि सोबत एखादा अनुभवी उडवणारा असावा. स्थानिक नियम अर्थातच आधी पाहावेत.

उड्डाण आणि उतरणे ही दोन्ही वाऱ्याच्या समोरून करावीत आणि वर गेल्यावर चूक सुधारण्याइतकी उंची राखावी. एलेव्हेटरची (शेपटीवरील आडव्या हलत्या पट्टीची) स्टिक मागे ओढली की विमान वर जाते, हा समज मात्र अर्धाच खरा आहे. त्याने नाक वर होते आणि पंख हवेला अधिक कोनात भिडतो. चढण्यासाठी शक्ती थ्रॉटलने, म्हणजे मोटरचा वेग वाढवून, द्यावी लागते. पंख हवेला भिडण्याचा कोन एका मर्यादेपलीकडे गेला की पंखावरील उचल एकाएकी ढासळते. यालाच स्टॉल म्हणतात. नवशिक्याची विमाने अनेकदा उतरताना पडतात ती यामुळेच, कारण धावपट्टी गाठण्याच्या घाईत मंद वेगातही तो स्टिक ओढत राहतो. विमान धावपट्टीपर्यंत पोहोचणार नाही असे दिसले तर थ्रॉटल थोडा वाढवावा आणि नाक जवळपास आडवे ठेवावे. जमीन हातभर उरली की थ्रॉटल पूर्ण बंद करून एलेव्हेटर हलकेच ओढावा.