चौथी सीट

(दृश्य: पडदा काळा. फक्त गर्दीचा आवाज. मग सकाळचं ठाणे स्टेशन, आत शिरणारी लोकल.)

"कुठे?"
"दादर."
"मग मला द्या."

झाला व्यवहार. नाव नाही, गाव नाही, जात नाही. दादर आलं की ती उठेल आणि ही बसेल. मधे कुणी घुसायला बघितलंच, तर अख्खा डबा साक्षीला उभा राहील: "ओ ताई, त्यांनी सांगून ठेवलंय!"

(दृश्य: सेकंड क्लासचा बाक, जवळून.)

हा बाक तिघांचा आहे. चौथा माणूस येतो, तोंडाने बोलतही नाही. नुसती भुवई उडवतो. तिघं सरकतात. चौथ्याला मिळतं ते अर्धं बूड टेकण्यापुरतं, बाकीचा अर्धा माणूस वाटेतच. मुंबईत याला 'चौथी सीट' म्हणतात. ही सीट मागणाऱ्याला लाज वाटत नाही. नाकारणाऱ्याकडे मात्र डबा रागाने बघतो.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली तेव्हा १४ डब्यांत पाहुणे होते साधारण ४००. त्यांना सरकायची गरजच पडली नसणार. आज रेल्वेच्या कागदांत 'सुपर डेन्स क्रश लोड' असा एक शब्द आहे. म्हणजे एका चौरस मीटरमध्ये उभी असलेली १४ ते १६ माणसं. एवढ्या जवळून आपण घरच्यांनाही कधी बघत नाही.

(दृश्य: लेडीज डबा. मेथी निवडणारे हात.)

मी नोकरीला लागले त्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. घाटकोपरला नशिबाने खिडकी मिळाली. समोरच्या बाईंनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि न विचारता माझ्या ओढणीत मटारच्या शेंगा ओतल्या.

"रिकामीच बसलीयेस ना? सोल."

मस्जिदपर्यंत मी सोलत होते. बाई मधूनच नजर टाकत. एकदा म्हणाल्या, "किडका टाक की बाहेर, त्यात काय बघतेस!" उतरताना दाणे त्यांच्या डब्यात ओतले, टरफलं पिशवीत. त्या थँक्यू वगैरे काही म्हणाल्या नाहीत. "उद्या गवार आहे," एवढंच. दुसऱ्या दिवशी मी तीच गाडी पकडली, तोच डबा. बाई नव्हत्या. पुढेही कधी दिसल्या नाहीत. गवार मात्र आजही निवडायला घेतली की मला वाटतं, कुणाची तरी राहून गेलीये.

(दृश्य: पाऊस. पाण्याखाली गेलेले रूळ.)

२६ जुलै २००५. फोर्टातल्या ऑफिसात बसून आम्हाला तो नेहमीचाच पाऊस वाटला. वाटणारच. कुलाब्याला त्या २४ तासांत ७३ मिलिमीटर पडला होता, आणि सांताक्रूझला ९४४. एकाच शहरात!

शीवच्या पुढे गाडी थांबली ती थांबलीच. आम्ही उतरलो आणि हातात हात धरून निघालो. माझा एक हात कुणा काकांच्या हातात, दुसरा एका कॉलेजातल्या मुलीच्या. सगळ्यांत पुढचा ओरडायचा, "गटार आहे, डावीकडून!" आणि ती सूचना एकेका तोंडातून मागे सरकत आमच्यापर्यंत यायची. काळोख असा, की काकांचा चेहरा मला शेवटपर्यंत दिसला नाही. हात खरखरीत होता, अंगठी होती, एवढंच सांगता येईल.

घाटकोपरच्या आसपास एका चाळीच्या दारात बायका चहा घेऊन उभ्या होत्या. त्यातल्या एकीने मला आत ओढलंच. "चहा मागाहून. आधी ही साडी नेस, कुडकुडतेयस." आठवड्याने साडी धुऊन, इस्त्री करून परत द्यायला गेले, तर गल्लीच सापडेना. उजेडात सगळ्या चाळी वेगळ्या दिसत होत्या. साडी माझ्या कपाटात आहे. हिरवी, वॉयलची.

दुसऱ्या दिवसापासून टीव्हीवर 'मुंबई स्पिरिट' सुरू झालं. मला या शब्दाचा राग येतो. मिठी नदी भराव घालून अरुंद करायची, शहरात शेकडो माणसं जायची, आणि उरलेल्यांच्या पाठीवर शाबासकी! त्या बाईंनी साडी दिली ती शहराची लाज राखायला नव्हे. समोर एक पोरगी भिजलेली होती, म्हणून.

(दृश्य: रात्र. सीएसएमटी. शेवटची कर्जत.)

लेडीज डबा जवळजवळ रिकामा. दारात एक पोलीस. एका बाकावर कामावरून परतणारी बाई झोपली आहे, मांडीवर पिशवी, डोकं गजांना टेकलेलं. पूर्ण बाक तिचाच आहे. तरी ती खिडकीला चिकटून, अंग आवळून बसली आहे.

शेजारी तिघींची जागा सोडून.