यंत्र चालूच होतं

नमस्कार, श्रोतेहो. प्रगत रोबोटांमुळे समाजाचं भलं होणार की वाटोळं, असा आजचा विषय. फायद्यांचं आधी उरकून घेते, कारण मला जी गोष्ट सांगायचीय ती धोक्याच्या बाजूची आहे.

तर फायदे. १९६१ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या कारखान्यात ‘युनिमेट’ नावाचा पहिला औद्योगिक रोबोट कामाला लागला. साच्यातून निघालेले धातूचे तापलेले भाग उचलायचे, एवढंच त्याचं काम. चटके आणि धूर, कुणालाही हौसेने करावंसं वाटणार नाही असं. आज जगभरच्या कारखान्यांत चाळीस लाखांहून अधिक रोबोट आहेत आणि त्यातले पुष्कळसे अशाच कामांवर आहेत. जपानमध्ये २०११ साली फुकुशिमाच्या अणुभट्ट्या वितळल्या, तेव्हा महिन्याभराने भट्टीच्या इमारतीत शिरून आतला किरणोत्सर्ग मोजला तो रोबोटांनीच. तिथे आत साधारण ८८० टन वितळलेलं इंधन आणि राडारोडा पडून आहे. त्यातला पहिला तुकडा बाहेर यायला २०२४ उजाडलं. वजन एक ग्रॅमहूनही कमी. लांब दांडीच्या दूरनियंत्रित उपकरणाने तो काढला. इतकं संथ काम, पण तिथे माणूस पाठवणार कसा?

शस्त्रक्रियेचंही तसंच. २००१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या डॉक्टरांनी फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गच्या एका रुग्ण बाईंचं पित्ताशय काढलं. अटलांटिकच्या अलीकडे डॉक्टर, पलीकडे रोबोटचे हात. आता ‘रोबोटने ऑपरेशन केलं’ असं लोक सर्रास म्हणतात. अहो, केलं डॉक्टरांनी. माणसाचं श्रेय यंत्राला द्यायची आपल्याला फार घाई असते. दोष देतानाही तीच घाई, आणि मग खरा जबाबदार माणूस हळूच मागच्या दाराने निघून जातो.

आता ती गोष्ट. घरच्यांना ती पाठ झालीय, तुम्हाला नसेल.

तारीख २५ जानेवारी १९७९. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात फ्लॅट रॉक नावाचं गाव आहे, तिथे फोर्ड कंपनीची फाउंड्री, म्हणजे धातू ओतून भाग बनवायचा कारखाना होता. ओतीव भाग तयार झाले की उंचच उंच रॅकमध्ये जायचे, आणि लागतील तसे ते काढून आणायला एक स्वयंचलित यंत्रणा होती. रॅकमधून फिरणारी, यांत्रिक हात असलेली. चेहरा नाही, आवाज नाही, माणसासारखं काहीच नाही.

त्या दिवशी यंत्रणा नीट काम देत नव्हती. साठ्याचे आकडे चुकीचे दाखवत होती. पुढच्या कामाला भाग तर हवेत. मग काय करतात? जे सगळीकडे करतात तेच. एका कामगाराला सांगितलं, तू वर चढ आणि हाताने काढून आण. पंचवीस वर्षांचा मुलगा. तो रॅकवर चढला.

यंत्रणा बंद केलेली नव्हती. हे नीट ऐका, पुढचं सगळं यावरच आहे. माणूस आत गेला, आणि यंत्रणा चालूच होती.

तो भाग काढत असताना मागून तो यांत्रिक हात आला. भोंगा वाजला नाही. इशारा द्यायची सोयच त्यात केलेली नव्हती. हात डोक्यावर आदळला आणि तो मुलगा जागच्या जागी गेला.

आणि यंत्र थांबलं नाही. सहकाऱ्यांना तो सापडेपर्यंत अर्धा तास ते भाग काढत राहिलं. अर्धा तास! त्याच्या हिशेबात काही घडलेलंच नव्हतं. भाग कुठे आहे आणि कुठे न्यायचा, एवढंच त्याला ठाऊक. मधे माणूस असू शकतो, हे त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं.

रोबोटच्या हातून माणूस गेल्याची नोंद झालेली ही पहिली घटना मानतात. आपण वर्षानुवर्षं कसल्या धास्तीत आहोत? रोबोट बंड करतील, आपल्यावर राज्य करतील. इथे बंड कुठे आहे? यंत्राने नेमून दिलेलं काम चोख केलं. म्हणून तर मला ही गोष्ट कुठल्याही बंडापेक्षा जास्त भीतीदायक वाटते.

तुमच्या घरचं वॉशिंग मशीन घ्या. धुणं गरगर फिरत असताना झाकण उघडायला गेलात, तर एक ते उघडणार नाही, नाहीतर ड्रम थांबेल. कुणीतरी आधी बसून विचार केलाय की हात आत जाऊ शकतो. कपडे धुणाऱ्या यंत्राला जी अक्कल दिली, ती फ्लॅट रॉकच्या यंत्रणेला दिलेली नव्हती.

फ्लॅट रॉकच्या त्या मुलाच्या घरच्यांनी यंत्रणा बनवणाऱ्या लिटन कंपनीवर दावा लावला. १९८३ मध्ये ज्यूरीने निकाल दिला, भरपाई एक कोटी डॉलर. सुरक्षेची पुरेशी सोय नव्हती, माणूस आणि यंत्र समोरासमोर येऊ नयेत याची काळजी घेतलेली नव्हती, असं ठरलं. आता यात माझ्या दृष्टीने दोन गोष्टी आहेत. एक, तो मुलगा वर चढला कधी? यंत्र बिघडलं तेव्हा. सगळं सुरळीत चालू असतं तेव्हा रोबोटजवळ जायची गरजच नसते. अडकलेला भाग काढणं, दुरुस्ती, साफसफाई, नवं काम शिकवणं, अशा वेळी माणूस कुंपणाच्या आत जातो आणि अपघात बहुतेक तेव्हाच होतात. नवा रोबोट कसा नाचतो, उड्या कशा मारतो, हे दाखवणारे पुष्कळ. बिघडल्यावर त्याच्याजवळ कुणी जायचं आणि त्याआधी वीज कुणी तोडायची, हे विचारणारे थोडे. आणि दोन, पैसे यंत्र बनवणाऱ्याने भरायचे ठरले. हे लक्षात ठेवा.

आता चाळीसेक वर्षं पुढे या. मार्च २०१८, अमेरिकेतलंच ॲरिझोना राज्य, टेंपी शहर. रात्री एक बाई सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होती. समोरून उबर कंपनीची चाचणीवरची स्वयंचलित गाडी आली. म्हणजे चाकांवरचा रोबोटच. या यंत्राला डोळे होते, सेन्सर होते. धडक बसायच्या साडेपाच सेकंद आधी ती त्याला दिसलीही होती. पण ती काय आहे, हे त्याचं ठरेना. गाडी? अनोळखी वस्तू? सायकल? प्रत्येक वेळी मत बदललं की तिच्या आधीच्या हालचालींची नोंद पुसली जायची, त्यामुळे ती कुठे चाललीय याचा अंदाज त्याला बांधता येईना. मुळात क्रॉसिंग सोडून माणूस रस्ता ओलांडेल, हे त्या प्रणालीत धरलेलंच नव्हतं. श्रोतेहो, माणसं क्रॉसिंग सोडून रस्ता ओलांडत नाहीत असं गाव कुणी पाहिलंय?

ती बाई गेली. गाडीत लक्ष ठेवायला एक चालक बसवलेली होती, तिचं लक्ष मोबाइलमध्ये होतं. फौजदारी गुन्हा तिच्यावर दाखल झाला आणि २०२३ मध्ये तिला तीन वर्षांची प्रोबेशनची, म्हणजे तुरुंगाबाहेर देखरेखीखाली राहायची शिक्षा झाली. कंपनीवर फौजदारी कारवाई झाली नाही, कुटुंबाशी तडजोड झाली. चालकाची चूक होतीच. पण तासन्‌तास काही करायचं नाही, फक्त पाहत बसायचं आणि क्वचित कधीतरी अर्ध्या सेकंदात जागं व्हायचं, हे काम माणसाच्या मेंदूला जमणारं नाही. ते त्याला देणाऱ्याने हे आधी ओळखायला हवं होतं.

नोकऱ्यांचं राहिलं. ॲसेमोग्लू आणि रेस्ट्रेपो या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध केला. हजार कामगारांमागे एक रोबोट वाढला की मजुरी ०.४२ टक्क्यांनी घटते, असं त्यांना आढळलं. आकडा लहान दिसतो, पण हा भार सगळ्यांवर सारखा वाटला जात नाही. कारखान्याच्या गावावर तो जास्त पडतो.

राहता राहिली माझी जुनी चीड. रोबोटला पापण्या आणि हसरे ओठ कशाला लावतात हो? २०१७ मध्ये सौदी अरेबियाने ‘सोफिया’ नावाच्या, बाईसारखा चेहरा दिलेल्या रोबोटला चक्क नागरिकत्व जाहीर केलं. गंमत म्हणून सोडून दिलं असतं. पण त्याच वर्षी युरोपियन संसदेने एका ठरावात सुचवलं की, अतिप्रगत रोबोटांना पुढेमागे ‘इलेक्ट्रॉनिक व्यक्ती’ असा कायदेशीर दर्जा देण्याचा विचार व्हावा, म्हणजे नुकसान झालं तर भरपाई त्यांच्याकडून घेता येईल. दीडशेहून अधिक तज्ज्ञांनी खुलं पत्र लिहून विरोध केला. बनवणारा आणि वापरणारा यातून सुटतो, असं त्यांचं म्हणणं, आणि मला ते पटतं. ती कल्पना मागे पडली. त्याऐवजी युरोपने २०२३ मध्ये यंत्रांसाठी नवे नियम केले, ते जानेवारी २०२७ पासून लागू व्हायचे आहेत. सुरक्षेचं काम करणारा भाग स्वतः शिकून वागणूक बदलणारा असेल, तर निव्वळ कंपनीच्या शब्दावर तो बाजारात येणार नाही, बाहेरच्या संस्थेकडून तपासून घ्यावा लागेल. पापण्यांबद्दल त्यात काही नाही. वेळ संपली. नमस्कार.