कोपऱ्यातलं नाव

[पडद्यावर पिवळा पडलेला कागद. कॅमेरा सावकाश जवळ जातो.]

हा कागद उजेडात धरला तर मागची छपाई दिसते. कुठल्याशा कचेरीचा वापरून झालेला फॉर्म. त्यावर कात्रणं चिकटवून कुणीतरी घर उभं केलंय. कोपऱ्यात पेन्सिलीनं नाव.

प्रागपासून साधारण ६० किलोमीटरवर तेरेझिन हे तटबंदीचं गाव आहे. नाझींनी १९४१ मध्ये इथे ज्यूंना कोंडायला सुरुवात केली. डिसेंबर १९४२ मध्ये चित्रकार फ्रिडल डिकर-ब्रँडाइसला नवऱ्यासह इथे आणलं गेलं. नेता येणार होतं जेमतेम ५० किलो सामान. अशा वेळी माणूस गरम कपडे कोंबतो, भांडी घेतो. फ्रिडलनं रंग आणि कागद घेतले.

मुलं आईवडिलांपासून वेगळी, वसतिगृहांत. फळ्यांचे तीन मजली बिछाने. आणि रोजची एकच धास्ती: पूर्वेकडे जाणाऱ्या पुढच्या गाडीच्या यादीत आपलं नाव तर नाही ना?

अशा मुलापुढे कोरा कागद सरकवून 'मनात येईल ते काढ' म्हटलं, तर हात उलट आखडतो. फ्रिडल इथे मुलांना चित्रकला शिकवायची, आणि सुरुवातच हातापासून करायची. जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत तिचे गुरू योहानेस इटेन आधी श्वासाचे, अंग सैल करण्याचे व्यायाम घेत. तेच तिनं इथे आणलं. ती तालात बोलायची, मुलं त्या तालावर रेघ ओढायची. वर, खाली, गोल. मग हळूहळू फुलं यायची, घरं, रस्ते. या मुलांना चित्रकार बनवायचंय, असा तिचा आव नव्हता.

चित्रावर स्वतःचं नाव मात्र घालायलाच हवं. छावणीच्या कागदोपत्री प्रत्येकाला ट्रान्सपोर्टचा, म्हणजे ज्या गाडीनं आणलं तिचा, नंबर होता.

ऑक्टोबर १९४४ मध्ये फ्रिडलला पूर्वेकडच्या ऑशवित्झ मृत्युछावणीत पाठवलं. तिथे ती मारली गेली, तिची बहुतेक मुलंही. मागे दोन सुटकेस उरल्या. आत सुमारे ४,५०० चित्रं.

तिची प्रागमधली शिष्या ईडिथ क्रेमर १९३८ मध्येच न्यूयॉर्कला पोचली होती. पुढे मुलांच्या कला-उपचारात तिनं मोठं काम केलं. ती 'तिसऱ्या हाता'विषयी सांगायची. माती ढासळतेय, रंग ओघळतोय, तेव्हा उपचारकानं लागेल तेवढाच टेकू द्यायचा. चित्र मुलाचंच राहिलं पाहिजे. प्रदर्शनात बरं दिसावं म्हणून चित्रावर स्वतःच ब्रश फिरवणाऱ्या बाई आपल्यातल्या अनेकांना आठवत असतील. हे त्याच्या नेमकं उलट.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फिलाडेल्फियातल्या एका अभ्यासात ३९ प्रौढांनी ४५ मिनिटं चित्रं काढली, माती मळली. जवळपास तीन-चतुर्थांश जणांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, उतरलं. आधी चित्रकला येत होती की नाही, यानं फरक पडला नाही. माणसं मोजकीच होती, तेव्हा यावर इमले बांधू नयेत.

[पुन्हा तोच कागद.]

छप्पर तिरकंच राहिलंय. एक कात्रण कडेला सुटलंय. ते कुणी सरळ केलेलं नाही.