नळीखालचे ठसे

या शिकारी रायफलीवर बनवणाऱ्याचं नाव कुठेच नाही. चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, रिकामं असल्याची खात्री केली आहे. आता बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा सरकता दांडा, बाहेर काढू.

बोल्टच्या तोंडाशी त्याला जागी अडकवणाऱ्या दोन खुंट्या आणि मागे, हँडलजवळ तिसरी. बाजूला काडतुसाची कड पकडणारी लांब पट्टी. ही पॉल माउझर यांची १८९८ची रचना. स्वीडनच्या १८९६च्या मॉडेलला ती तिसरी खुंटी नाही.

पण रचना माउझरची म्हणून रायफल माउझरच्या जर्मनीतल्या ओबर्नडोर्फ कारखान्याची ठरत नाही. बेल्जियममध्ये हेर्स्टालला आणि चेकोस्लोव्हाकियात ब्र्नोलाही हीच रचना तयार होत होती.

बोल्ट सरकतो त्या पोलादी घराची डावी भिंत जवळून पाहा. तिथे अर्धगोल खाच आहे. क्लिपमधली काडतुसं खाली दाबताना सैनिकाचा अंगठा आत जावा, म्हणून ती ठेवलेली. शिकाऱ्यासाठी मुद्दाम घडवलेल्या घराला तिची गरज नसते. म्हणजे हे घर बहुधा सैन्याच्या रायफलीतून आलंय. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत अशा कितीतरी रायफलींना नवी नळी आणि नवा दस्ता बसला. त्यामुळे घर एकीकडचं आणि नळी दुसरीकडची, असं सर्रास दिसतं.

दस्ता उतरवल्यावर मात्र नळी बोलू लागते. खालच्या अंगाला मुकुट आणि त्याखाली बी, जी, यू ही अक्षरं. १८९१च्या जर्मन कायद्यानुसार झालेल्या सरकारी चाचणीचे हे शिक्के. त्यातला जी म्हणजे नळीत आटे, गोळीला फिरकी देणाऱ्या पीळदार खाचा, पाडलेले आहेत. मुकुटाऐवजी गरुड असता, तर चाचणी १९४० किंवा त्यानंतरची धरली असती. शेजारी ‘४.२६’ असे बारीक आकडे आहेत: एप्रिल १९२६. महिना आणि साल असं लिहायची पद्धत जर्मनीतल्या झूल या गावच्या नळ्यांवर नेहमी भेटते. त्या गावातले कारागीर दुकानदारांसाठी रायफली घडवत, आणि नाव कोरलंच तर बहुतेकदा दुकानदाराचं. या कारागिरांचं काम इतकं देखणं, की ते निनावी राहिल्याची मला खरोखर हळहळ वाटते.

आता नळीचा व्यास. जर्मन सैन्याची जुनी आठ मिलिमीटरची गोळी प्रत्यक्षात ८.०७ मिलिमीटरची होती. १९०५मध्ये आलेली ८.२० मिलिमीटरची. शिकारी रायफलींना जुन्या मापाच्या नळ्या त्यानंतरही कित्येक वर्षं बसत राहिल्या. अशा नळीतून नवी, जाड गोळी झाडली तर दाब धोकादायक वाढतो. म्हणून जाणकार बंदूककारागिराने आतलं माप घेईपर्यंत ही रायफल झाडायची नाही.