नोकरीची चौकशी कोणाकडे करावी?

(तालुक्याच्या ठिकाणच्या एका महाविद्यालयात अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन.)

मित्रांनो, निकाल लागला की घरात पहिला प्रश्न येतो, "आता पुढे काय?" मग मोबाईलवर अर्ज सुरू होतात. रात्री जेवण झाल्यावर अंथरुणात पडून पन्नास ठिकाणी 'अप्लाय' दाबलं की आजचं काम झालं असं वाटतं. महिना जातो, एकही फोन येत नाही. मुलगा गप्प गप्प राहायला लागतो, आई देवाला साकडं घालते, वडील पाहुण्यांत शब्द टाकायला लागतात. मी अनेक वर्षं कारखान्याच्या भरती विभागात काम केलं आहे. तिथून जे पाहिलं त्यावरून सांगतो, बहुतेक वेळा त्या मुलाची लायकी कमी पडलेली नसते. त्याचा अर्ज कोणी उघडलेलाच नसतो.

जागा भरली कशी जाते ते आधी समजून घ्या. कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतली मध्यम आकाराची फाउंड्री, म्हणजे धातू ओतून सुटे भाग बनवणारा कारखाना, डोळ्यांसमोर आणा. क्वालिटी विभागातला, म्हणजे तयार माल तपासणारा, एक मुलगा सोडून जातो. सुपरवायझर मॅनेजरला सांगतो, "साहेब, माणूस लागेल." मॅनेजरचा पहिला प्रश्न असतो, "आपल्यातल्या कोणाच्या माहितीत आहे का?" संध्याकाळपर्यंत ही बातमी सगळ्या शॉपवर, म्हणजे मशीन चालतात त्या जागेवर, पोहोचलेली असते. त्यातून कोणी मिळालं नाही, तर गेटवर येऊन पडलेले बायोडाटा काढले जातात. तिथंही जमलं नाही, तर ठेकेदाराला फोन. आणि हे सगळं करून झाल्यावर कोणीतरी म्हणतं, नेटवर जाहिरात टाका. तुम्ही शोध सुरू करता तो या शेवटच्या पायरीवरून, आणि तिथं तुमच्यासोबत आणखी शेकडो जण उभे असतात. मोठ्या कंपन्यांचं, बँकांचं, सरकारी भरतीचं वेगळं आहे. तिथं ठरलेल्या मार्गानेच अर्ज करावा लागतो, परीक्षा द्यावी लागते. पण आपल्या भागातल्या बऱ्याचशा नोकऱ्या लहान आणि मध्यम कारखान्यांत, दुकानांत, कार्यालयांत आहेत.

मग वरच्या पायरीवर पोहोचायचं कसं? माणसांमधून. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या न्यूटन गावातल्या नोकरदारांना विचारलं होतं, तुम्हाला ही नोकरी कशी कळली? 1973 साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम 17 टक्के लोकांना ती नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. सुमारे 56 टक्के लोकांना अधूनमधून भेटणाऱ्याकडून, आणि 28 टक्के लोकांना वर्षातून एखाद्या वेळी भेटणाऱ्याकडून किंवा त्याहूनही लांबच्या माणसाकडून. गाव अमेरिकेतलं असलं तरी कारण आपल्याला लगेच पटेल. कट्ट्यावरचे तुमचे मित्र तुमच्यासोबतच बसलेले असतात. त्यांना जे माहीत ते तुम्हालाही माहीत. नवी बातमी येते ती दुसऱ्या वर्तुळात वावरणाऱ्या माणसाकडून.

म्हणून आज घरी गेलात की वहीत नावं लिहा. दोन वर्षं पुढे असलेला सिनियर. कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत कामाला असलेले मावसबहिणीचे दीर. कारखान्यांना टूल्स पुरवणारा सेल्समन, कारण तो रोज चार कंपन्यांच्या स्टोअरमध्ये जातो. एमआयडीसीच्या चौकातला चहावाला सुद्धा. कोणत्या कंपनीत तीन शिफ्ट चालू झाल्या आणि कुठे कामगारांना बसवून ठेवलंय, हे त्याला चहाच्या खपावरून कळतं.

आता या माणसांशी बोलायचं काय, यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण इथेच सगळं बिघडतं. मुलं फोन करतात आणि म्हणतात, "दादा, कुठे व्हेकन्सी असली तर बघा की." दादाच्या हातात त्या क्षणी जागा नसते. तो म्हणतो, "बघतो, बायोडाटा पाठवून ठेव." विषय संपला. त्याऐवजी असं बोलून पाहा: "दादा, मी आपल्याच कॉलेजचा, तुमच्या मागच्या बॅचचा. मला क्वालिटीत काम करायचं आहे. तुमच्याकडे नवीन मुलाला पहिले सहा महिने काय काम देतात? त्यासाठी मी काय शिकून यायला पाहिजे?" याचं उत्तर त्याच्याजवळ असतं. आपल्या कामाबद्दल कोणी आस्थेनं विचारलं की माणूस मोकळेपणी बोलतो. तो सांगेल की आमच्याकडे मुलांना मापाचा व्हर्निअर धरता येतो पण त्याहून बारीक माप घेणारा मायक्रोमीटर नीट वाचता येत नाही, ड्रॉइंगवरचा टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालतो ते, कळत नाही, ब्लो-होल आणि श्रिंकेज या ओतकामातल्या दोन दोषांतला फरक ओळखता येत नाही. हे ऐकलंत की पुढच्या पंधरा दिवसांत काय करायचं ते तुम्हाला कळलं. फोन ठेवण्याआधी एवढं विचारा: "आणखी कोणाशी बोलू?" या एका प्रश्नातून दुसरं नाव मिळतं, त्याच्याकडून तिसरं. पंधरा दिवसांनी त्या दादाला कळवा की तुम्ही सांगितलेलं शिकलो. पुढच्या वेळी शॉपवर "माणूस लागेल" असं निघालं की त्याला तुमचं नाव आठवतं.

कोणी म्हणेल, हा वशिलाच झाला. मला तसं वाटत नाही. वशिल्यात काम न येणाऱ्याला आत ढकलतात. इथे तुम्ही काम काय आहे ते विचारून, शिकून दारात उभे राहता, आणि तुमची परीक्षा घ्यायला समोरचा मोकळा असतो.

कॉमर्सच्या मुलामुलींनी हेच कर सल्लागाराच्या किंवा सीएच्या ऑफिसात करायचं, फक्त तारखा पाळून. या ऑफिसांचा महिना ठरलेला असतो. 7 तारखेला टीडीएस, म्हणजे आधीच कापून घेतलेला आयकर, भरायचा, 11 तारखेला जीएसटीआर-1 हे विक्रीचं विवरणपत्र, 20 तारखेला जीएसटीआर-3बी हे जीएसटी भरण्याचं विवरणपत्र. 19 तारखेला तुम्ही फाइल घेऊन गेलात तर कोणी मान वर करून बघणार नाही, आणि तुम्ही मात्र हिरमुसून परत याल. 22 तारखेनंतर दुपारी जा. जुलैच्या आयकर विवरणपत्रांच्या गर्दीसाठी त्यांना जादा हात लागतात, ते एप्रिल-मे मध्येच शोधलेले असतात. तेव्हा तुमची परीक्षा चालू असली तरी एक चक्कर मारून या.

बायोडाट्याबद्दल. माझ्या टेबलावर आलेले बहुतेक बायोडाटे एकाच दुकानात टाइप केल्यासारखे असत. वर 'करिअर ऑब्जेक्टिव्ह', मध्ये 'हार्ड वर्किंग', खाली छंद आणि शेवटी सगळी माहिती खरी असल्याचं प्रतिज्ञापत्र. यातून तुम्हाला काय येतं ते कळत नाही. एका मुलीने लिहिलं होतं, 'टॅलीचं ज्ञान'. मी तिला विचारलं, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर काय केलंस? ती म्हणाली, मामांच्या खतांच्या दुकानाची बिलं भरते. मग आम्ही ती ओळ बदलली: 'खतांच्या दुकानाची वर्षभराची खरेदी-विक्री टॅलीवर भरली, दरमहा बँक खातं जुळवलं, खरेदीची बिलं जीएसटीआर-2बीशी, म्हणजे जीएसटी पोर्टलवरच्या खरेदीच्या यादीशी, ताडून पाहिली.' हे सगळं ती करतच होती. ते सांगण्यासारखं आहे, असं तिला कोणी म्हणालं नव्हतं. तुमच्यातल्या कित्येकांचं असंच आहे. घरचं दुकान, दूध संस्थेतलं काम, वडिलांच्या वर्कशॉपमधली मदत, हे लाजून लपवू नका. आणि अनुभव मुळीच नसेल, तर गावातल्या एखाद्या दुकानदाराला विचारा की दोन महिने तुमची बिलं भरू का.

शिकाऊ उमेदवारीकडेही मुलं विनाकारण कमीपणानं बघतात. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली 30 किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना त्यांच्या संख्येच्या 2.5 ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. आयटीआय, डिप्लोमा, पदवी, सगळ्यांना ती वाट खुली आहे. कंपनीत गेल्यावर 'जागा आहे का' याच्या जोडीला 'अप्रेंटिस घेता का' हेही विचारा. जिल्ह्याच्या कौशल्य विकास व रोजगार मार्गदर्शन केंद्रात नाव नोंदवा, मेळावे चुकवू नका.

मुलींना एक सांगतो. घरून होकार अडतो तो बऱ्याचदा बस आणि शिफ्ट या दोन गोष्टींवर. मुलाखतीतच विचारा, कंपनीची बस कुठपर्यंत येते, दुसरी शिफ्ट किती वाजता सुटते. हे विचारण्यात संकोच कसला? उत्तर घेऊन घरी गेलात की बोलणं सोपं जातं.

आता सावधगिरी. नोकरीसाठी जो पैसे मागतो, मग तो रजिस्ट्रेशन म्हणो, डिपॉझिट म्हणो की ट्रेनिंग फी, तिथून उठून या. ऑनलाइन फसवणूक झाली तर ताबडतोब 1930 वर फोन करा, जितका उशीर तितकी पैसे अडवण्याची शक्यता कमी. आखातात पाठवणारा एजंट असेल तर त्याची सरकारी नोंदणी ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा. मूळ गुणपत्रिका कोणाच्याही ताब्यात देऊ नका. पडताळणीसाठी दाखवा, झेरॉक्स द्या, मूळ परत घ्या. आपल्या भागातून कर्ज काढून, दागिने मोडून पैसे भरलेली घरं मी पाहिली आहेत, म्हणून हे इतकं कळकळीनं सांगतोय.

नोकरी मिळाल्यावर सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा. मी कंपनीच्या रोलवर (पटावर) की ठेकेदाराच्या? सीटीसी, म्हणजे कंपनीचा माझ्यावरचा एकूण खर्च, सांगितलात, पण हातात किती येणार? पीएफ कापला जाणार का? 20 किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या ठिकाणी पीएफचा कायदा लागू होतो. पहिल्या पगारानंतर यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, मागून घ्या आणि दोन-तीन महिन्यांनी पीएफचं पासबुक उघडून पाहा. पगारातून कापलेले पैसे खात्यात जमा झाले नसतील, तर तेव्हाच विचारता येतं. दोन वर्षांनी ठेकेदार बदललेला असतो आणि विचारायला कोणी उरत नाही.

ज्यांनी बायोडाटा आणला आहे त्यांनी पुढे येऊन बसा. एकेक घेऊन वाचू या, आणि प्रत्येकाने केलेल्या कामाची निदान एक ओळ आत्ताच त्यात घालू या.