चार आकड्यांचा आयत

पडद्यावर आयत मांडायला चार आकडे लागतात, पण ते चार कोणते, हे प्रत्येक प्रणालीत सारखं नाही. आयओएसमध्ये सीजीरेक्ट (आयत साठवणारा प्रकार) एक बिंदू आणि एक आकारमान ठेवतो: ओरिजिनचे, म्हणजे सुरुवातीच्या कोपऱ्याचे एक्स-वाय, मग रुंदी-उंची. अँड्रॉइडचा रेक्ट मात्र डावी, वरची, उजवी आणि खालची कड ठेवतो. ८०, १२०, २२०, ३०० हे आकडे अँड्रॉइडला दिले तर १४० रुंद आणि १८० उंच आयत मिळतो. हेच जसेच्या तसे सीजीरेक्टला दिले, की उजवी कड ३०० वर आणि खालची ४२० वर जाते. कोड बिनतक्रार चालतो आणि चूक थेट पडद्यावरच दिसते.

आता बोटाने ओढून निवड करण्याचं उदाहरण घेऊ. बोट (२२०, ३००) वर टेकलं आणि वर डावीकडे सरकत (८०, १२०) वर उठलं. शेवटच्या बिंदूतून पहिला वजा केला, तर रुंदी उणे १४० आणि उंची उणे १८० येते. सीजीरेक्टला असा उणे आयत चालतो, आणि नेमका इथेच घोळ होतो. कारण त्याला थेट विड्थ विचारली तर तो १४० सांगतो, आणि साइझमधली विड्थ विचारली तर उणे १४०. मिनएक्स (डावी कड) ८० येतो, पण ओरिजिनचा एक्स २२० च राहतो. उजवी कड काढायला कुणी ओरिजिनमध्ये विड्थ मिळवली, तर उत्तर ३६० येतं. खरी कड २२० वरच आहे. म्हणून कड हवी असेल तेव्हा बेरीज करू नका, मॅक्सएक्स (उजवी कड) विचारा. त्याहून बरं म्हणजे आयत बनवतानाच दोन एक्सपैकी लहान तो ओरिजिनला द्या, फरकाचं निरपेक्ष मूल्य रुंदीला द्या, आणि वायचंही तसंच करा. फ्लटर या ॲप बनवायच्या साधनात रेक्टचा फ्रॉमपॉइंट्स हे काम स्वतःच करतो.

मध्यबिंदू माहीत असेल तर ओरिजिन काढायला त्यातून निम्मी रुंदी आणि निम्मी उंची वजा करायची, एवढंच.

पिक्सेलकडे मात्र नीट लक्ष द्यायला हवं. ३ पट घनतेच्या पडद्यावर १०० पॉइंट (मांडणीचं एकक) म्हणजे ३०० पिक्सेल. त्यात सात सारखे चौकोन बसवायचे, तर प्रत्येकाच्या वाट्याला ४२.८६ पिक्सेल येतात. रुंदी ४३ धरली तर सात चौकोनांचे ३०१ होतात आणि शेवटचा बाहेर डोकावतो. ४२ धरली तर ६ पिक्सेलची फट उरते. रुंदी पूर्णांकात आणण्याऐवजी कडा आणा: ०, ४३, ८६, १२९, १७१, २१४, २५७, ३००. सहा चौकोन ४३ चे होतील, एक ४२ चा. डोळ्याला ते कळत नाही, फट मात्र लगेच कळते. आयओएसमधला इंटिग्रल इथे वापरू नका. तो आयताला बाहेरच्या पूर्ण पॉइंटांपर्यंत फुगवतो, त्यामुळे शेजारचे चौकोन एकमेकांवर चढतात.

आयताच्या कडा आत घेणारं इनसेटबाय वापरताना लक्षात असू द्या, की डीएक्स (आडवं अंतर) ८ दिला तर रुंदी १६ ने घटते, कारण दोन्ही बाजू आत येतात.

अनेक आयतांना कवेत घेणारा एक आयत हवा असेल, तर सीजीरेक्टमध्ये सुरुवात झीरोने (चारही आकडे शून्य असलेल्या आयताने) करू नका. झीरोला आकार नसला तरी जागा आहे: (०, ०). त्याच्याशी युनियन केलं (दोघांना सामावणारा आयत काढला) की उत्तर त्या कोपऱ्यापर्यंत ताणलं जातं. सुरुवात नल आयताने, म्हणजे जागाच नसलेल्या आयताने करा. त्याच्याशी युनियन केल्यावर दुसरा आयत जसाच्या तसा मिळतो.