ताडोबा: गाडी थांबते तिथे फोटो ठरतो

[दृश्य: मोहर्ली गेट, पहाट. जिप्सींची रांग.]

चंद्रपूर जिल्हा. मे महिना. दुपारी पारा पंचेचाळिशी गाठणार हे ठाऊक असूनही मोहर्लीच्या गेटवर उजाडायच्या आत गर्दी झाली आहे. परमिट तपासलं जातंय. कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या आतल्या मुख्य संरक्षित भागात, मोबाइलला बंदी, त्यामुळे फोन जमा होतायत. आत जातायत ते कॅमेरे: कुणाची शंभर-चारशेची झूम, कुणाच्या मांडीवर तान्ह्या बाळासारखी धरलेली सहाशे एमएमची लेन्स.

ताडोबा हे महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचं. पुढे अंधारी अभयारण्यासह त्याचा व्याघ्र प्रकल्प झाला. कोअर सव्वासहाशे चौरस किलोमीटरचा, भोवती त्याहून मोठा बफर, म्हणजे बाहेरचा संरक्षक पट्टा. २०२२ च्या व्याघ्रगणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ असल्याचा अंदाज निघाला. २०१८ मध्ये हाच आकडा ३१२ होता. राज्यात सर्वांत जास्त वाघ आज याच चंद्रपूर जिल्ह्यात आहेत.

[दृश्य: मातीचा रस्ता. गाईड जिप्सीतून वाकून धूळ पाहतेय.]

गाईडताईंनी हात वर केला आणि जिप्सी थांबली. रस्त्याच्या कडेला, मऊ धुळीत, वाघाचा माग. काल संध्याकाळच्या टायरच्या नक्षीवर पंजा उमटलाय, म्हणजे वाघ त्यानंतर गेला. कडा अजून ढासळलेल्या नाहीत. रात्रभरात किडे धुळीवर रेघा ओढत फिरतात, पण या पंज्यावर एकही रेघ नाही. म्हणजे माग ताजा. पंजा चौकोनी आणि रुंद आहे. नर असावा.

मग इंजिन बंद. आता काम कानांचं. वाघाची चाहूल लागली की बाकीचे प्राणी ओरडून इशारा देतात.

चितळ ओरडलं. त्याच्यावर एकट्यावर विसंबून चालत नाही, चितळ उगाचही घाबरतं. ऐनाच्या शेंड्यावरून वानर खोकलं. त्याला वरून दिसतं, त्यामुळे त्याच्या बोलण्याला वजन. आणि मग बांबूच्या आतून सांबराचा ‘ढाँक’. सांबर सहसा खात्री झाल्याशिवाय बोलत नाही. ताई ड्रायव्हरकडे बघतात, तो मान हलवतो. दोघांमध्ये एवढंच बोलणं होतं.

वाघाचा चांगला फोटो इथे, या मान हलवण्यात ठरतो. नवखा फोटोग्राफर आवाजाच्या दिशेनं गाडी दामटायला सांगतो. जाणता ड्रायव्हर उलटं करतो. वाघ कुठून निघून कुठल्या पाणवठ्याकडे जाईल याचा अंदाज बांधून तो पुढच्या वळणापलीकडे जातो, ऊन पाठीशी येईल अशी गाडी लावतो आणि रस्ता पूर्ण मोकळा सोडतो. वाघालाही काट्याकुट्यापेक्षा हा मऊ रस्ता आवडतो. त्याला अडवलं नाही तर तो आपल्या चालीनं, समोरून येतो. आपल्याला हवी असते ती नजर तेव्हाच मिळते. पाठलाग केलेल्या वाघाचा फोटो मिळतो तो शेपटीचा.

[दृश्य: पाणवठा. वाघ पाण्यात उतरतोय.]

उन्हाळ्यात ताडोबाचा वाघ पाण्याशी येतो. पुष्कळदा तो पाण्यात पाठमोरा उतरतो: आधी शेपटी, मग मागचे पाय, मग अंग हळूहळू खाली. तोंड बाहेर, नजर काठावर. फोटोग्राफरनं घाई करू नये, वाघ इथे बराच वेळ बसतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, जरा उतरवून ठेवावं, नाही तर गालावरचा आणि डोळ्यांवरचा पांढरा रंग उन्हात जळून जातो आणि तो नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरनं परत आणता येत नाही. बांबूच्या आड असेल तर ऑटोफोकस पुढचं पान धरतो. तिथे एकच फोकस पॉइंट घेऊन तो थेट डोळ्यावर ठेवायचा. दहाच्या पुढे तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते. लेन्स कितीही महाग असो, दूरचा वाघ तेव्हा पुसटच येतो.

प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे. एकाच वाघाची डावी आणि उजवी बाजूही सारखी नसते, म्हणून गणनेचे कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, रस्त्याच्या दोन्ही कडांना समोरासमोर लावतात. दोन्ही बाजूंचा स्वच्छ फोटो तुमच्याकडे असेल तर तो वाघ कोणता, हे नेमकं सांगता येतं.

[दृश्य: एका वळणावर दाटलेल्या जिप्सी.]

आणि हेही ताडोबातलंच दृश्य. एक वाघीण, दोन्ही बाजूंनी गाड्या. २०२४ सरताना शेजारच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाट अडवली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं त्याची स्वतःहून दखल घेतली. कारवाई होते ती बहुधा ड्रायव्हर-गाईडवर. पण ‘अजून थोडं पुढे घ्या’ ही मागणी मागच्या सीटवरून येते. आसपासच्या गावांतल्या या मुलामुलींची रोजीरोटी पर्यटकाच्या खुशीवर आहे. त्यांना ‘नाही’ म्हणणं जड जातं.

म्हणून जिप्सीत बसताना, कॅमेरा बाहेर काढायच्या आधी, ड्रायव्हरला एवढं सांगून ठेवा: ‘दादा, लांबून दिसला तरी चालेल. त्याची वाट अडवू नका.’ मग गाडी कुठे लावायची हे त्याच्यावर सोडा.